फ्लॉटिस्टचा गर्व

“आणि त्या शब्दाच्या आधी?” अक्कांनी विचारलं.

“त्याच्या आधी फ्रेंच.”

“त्याच्या आधी?”

“दक्षिण फ्रान्समधली एक जुनी बोली. तिच्यात बासरीला ‘फ्लाउत’ म्हणायचे.”

“हं. आणि त्याच्याही आधी?”

उत्पल मुतालिक जरा थांबला. इतका वेळ तो धबधब्यासारखा बोलत होता.

“त्याच्या आधीचं नक्की माहीत नाही, अक्का. कुणी म्हणतं, लॅटिनमध्ये फुंकण्याला जो शब्द आहे त्याच्यावरून आला असेल. कुणी म्हणतं, फुंकर मारल्यावर जो आवाज होतो त्याचीच ती नक्कल. पंडितांचं एकमत नाही.”

“म्हणजे कुणाचा कोण ते ठाऊक नाही.”

“असं नाही म्हणता यायचं…”

“मग कसं म्हणता यायचं?”

झोपाळ्याची कडी तेवढी करकरत राहिली.

सकाळची वेळ होती. खानापूरच्या पुढे, मलप्रभेच्या काठी अक्कांचं बसकं कौलारू घर. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर अक्का आणि समोर चटईवर उत्पल. त्याच्या मांडीवर गुळगुळीत कागदाचं एक छापील पत्रक होतं. सगळं भांडण त्या पत्रकावरून पेटलं होतं.

तुंगाक्का नंदगडकर हे नाव बेळगाव-धारवाडकडच्या कानसेनांना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या तरुणपणी बाईनं बासरी ओठाला लावणं लोकांना अश्लाघ्य वाटे. पेटी वाजव, सतार वाजव, पण हे फुंकणं-बिंकणं बाईच्या जातीला शोभत नाही, असं त्यांना थोरामोठ्यांनी समोर बसवून सांगितलं होतं. अक्कांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बासरी घेऊन बसल्या. बासरी वाजवणाऱ्याची मान एका अंगाला किंचित झुकते. अक्कांची झुकत नसे. ही बाई वाजवतेय की आपल्याला आव्हान देतेय, असं समोरच्याला वाटायचं.

पण तीनेक वर्षांमागे त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. उजवा गाल ओघळला, ओठाचा कोपरा खाली आला. औषधपाणी झालं, मालिश झाली. बोलणं परतलं, फुंकर परतली नाही. भेटायला येणारे हळहळले की अक्का म्हणायच्या, “जन्मभर मी वाऱ्याला खेळवलं. एकदा त्यानं मला खेळवलं. झाली की फिटंफाट.”

तेव्हापासून त्यांची लांब, काळपट पडलेली बासरी मखमली पिशवीत भिंतीवर टांगलेली होती. तिला हात लावायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

अक्कांचे नाव घेण्याजोगे शिष्य दोघे. एक हा उत्पल आणि दुसरा बसवंत गुरव. दोघंही याच ओसरीवर एका चटईवर बसून शिकले. एकाला आलेलं दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत आलंच पाहिजे, अशी दोघांत ईर्षा. पुढे बसवंत धारवाडला आकाशवाणीवर लागला. उत्पल विलायतेला गेला. तिथल्या विद्यापीठात शिकला, शिकवू लागला, मोठमोठ्या सभागृहांतून वाजवू लागला. तिथेच त्याला तो शब्द भेटला.

फ्लॉटिस्ट.

आपल्याकडे साधं बासरीवाला म्हणतात. बासरी विकणाराही बासरीवालाच आणि वाजवणाराही बासरीवालाच. उत्पलला लहानपणापासून त्या शब्दाची चीड होती. शाळेत पोरं त्याला जत्रेतल्या बासरीवाल्यासारखी हाक मारून चिडवायची. म्हणून विलायतेत पहिल्यांदा कुणीतरी त्याची ओळख ‘फ्लॉटिस्ट’ अशी करून दिली, तेव्हा त्याला अंगावर नवी शाल पडल्यासारखं वाटलं. त्या शब्दाला एक डौल होता. उच्चारताना आपोआप हनुवटी वर जायची.

आता अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. बेळगावात मोठा सोहळा ठरला आणि त्यात उत्पल आणि बसवंतची जुगलबंदी. दोघं एकत्र वाजवणार म्हणून गोव्यापासून हुबळीपर्यंतची माणसं यायची होती. इंग्रजी पत्रकाचा मजकूर उत्पलनं आपल्याकडे घेतला. छापायला देण्याआधी त्यानं बसवंतला फोनवर वाचून दाखवला.

“माझ्या नावापुढे काय लिहिलंस?” बसवंतनं विचारलं.

“फ्लूटिस्ट.”

“आणि तुझ्या?”

“फ्लॉटिस्ट.”

“दोन्हींचा अर्थ वेगळा आहे?”

“अर्थ एकच. अमेरिकेत फ्लूटिस्ट म्हणतात, इंग्लंडमध्ये फ्लॉटिस्ट. मी इंग्लंडमध्ये असतो म्हणून…”

“मी काय अमेरिकेत असतो?”

“तसं नाही रे. फ्लॉटिस्ट हा इटालियन वळणाचा शब्द आहे. तो जरा… त्याला एक परंपरा आहे. ज्यानं त्या परंपरेत काम केलंय त्यानंच तो लावावा.”

“म्हणजे मोठा कोण, ते पत्रकावरच ठरलं.”

“मोठेपणाचा प्रश्नच नाही, बसवंत. प्रश्न व्युत्पत्तीचा आहे.”

“मग व्युत्पत्तीबरोबरच जुगलबंदी कर,” बसवंत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

बसवंतही काही गरीब गाय नव्हता. त्याचं नाक उत्पलच्या नाकापेक्षा तसूभर जास्तच वर होतं. त्यानं संयोजकांना कळवून टाकलं, माझं नाव काढा. संयोजक घाबरले. पत्रकं छापून गावभर गेली होती आणि कार्यक्रम उद्यावर आला होता. बसवंतला जगात एकच माणूस वळवू शकत होतं. म्हणून उत्पल भल्या सकाळी अक्कांकडे आला होता. चूक आपली नाही हे त्याला आधी पटवून द्यायचं होतं. मग अक्का बसवंतला बोलावतील, दोन शब्द सुनावतील आणि गाडी रुळावर येईल, असा त्याचा हिशेब.

पण अक्का शब्दाच्या मुळाशीच जाऊन बसल्या होत्या.

“बरं, मला सांग,” त्या म्हणाल्या. “या तिन्हींत जुना कुठला?”

“कुठल्या तिन्हींत?”

“आत्ताच म्हणालास की. इंग्रजांचा अगदी आधीचा एक होता.”

“तो फ्लूटर. तो सगळ्यांत जुना. पण तो आता कुणी वापरत नाही. अगदीच… बासरीवाल्यासारखा वाटतो.”

“मग?”

“मग फ्लूटिस्ट आला.”

“बसवंतचा.”

“…हो.”

“आणि तुझा?”

“माझा अलीकडचा. एकोणिसाव्या शतकातला. पण अक्का, नवा असला तरी तो…”

“धाकटा आहे.”

“वयानं धाकटा,” उत्पल म्हणाला. “मानानं नाही.”

अक्कांच्या चांगल्या गालावर हसू आलं. पडलेला गाल तसाच राहिला. अर्धं हसू पाहणाऱ्याला नेहमी कोड्यात टाकायचं. ते कौतुक होतं की थट्टा, उत्पलला कळेना.

“छान बोललास,” त्या म्हणाल्या. “ऊठ. ती खाली काढ.”

“काय?”

अक्कांनी भिंतीकडे पाहिलं.

उत्पल उठला. त्यानं पिशवीची दोरी खिळ्यावरून सोडवली. अक्का आपल्याला वाजवायला सांगणार, तेही त्यांच्या बासरीवर! बसवंतला जे कधी मिळालं नाही ते आपल्याला मिळतंय. त्याच्या मानेतला ताठा परत आला. त्यानं पिशवीतून बासरी काढली, उपरण्यानं पुसली आणि चटईवर मांडी ठोकली.

“काय वाजवू, अक्का?”

“तिथे नाही. इथे, माझ्या डाव्या बाजूला.”

तो झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसला. अक्कांनी त्याच्या हातातली बासरी काढून घेतली, आपल्यासमोर आडवी धरली आणि दोन्ही हातांची बोटं भोकांवर ठेवली. मग बासरी डावीकडे सरकवून तिचं तोंड त्याच्या ओठांशी आणलं.

“फुंक.”

“पण वाजवू काय?”

“तुला वाजवायला कुणी सांगितलंय? फुंक.”

उत्पल गोंधळला. त्यानं फुंकर घातली. षड्ज बरा लागला. अक्कांचं एक बोट उठलं, मग दुसरं. उत्पलला वाटलं, ही देसी रागिणी आहे. अक्कांची देसी! आता त्या मध्यमाकडे जाणार. त्यानं त्या बेतानं श्वास सावरला. अक्का मध्यमाकडे गेल्याच नाहीत. बासरी चिरकली.

“घाई काय?”

त्यानं पुन्हा फुंकर घातली. या वेळी त्यानं अक्कांच्या बोटांकडे डोळा ठेवला. बोट उठलेलं दिसेपर्यंत स्वर पुढे गेलेला असायचा आणि त्याची फुंकर मागून धावत यायची. सूर फाटला. पुन्हा घातली. आता त्यानं ठरवलं, आपण जोर धरला की अक्कांना आपल्यामागे यावंच लागेल. त्यानं वरच्या सप्तकात झेप घेतली. अक्कांची बोटं खालीच शांत बसून राहिली. पोरानं जत्रेत पहिल्यांदा पिपाणी फुंकावी तसा आवाज ओसरीभर झाला.

उत्पलचे कान तापले. ज्याच्या एका स्वरासाठी परदेशात माणसं रांगा लावायची, त्याच्याकडून साधा सूर निघत नव्हता.

“अक्का, असं होतच नसतं,” तो म्हणाला. “बोटं एकाची आणि फुंकर दुसऱ्याची. कसं जमणार?”

अक्कांची बोटं भोकांवरच होती.

झोपाळा थांबला होता. त्या शांततेत उत्पलला एक बारीक आवाज ऐकू आला. अक्कांच्या श्वासाचा. ओठाच्या पडलेल्या कोपऱ्यातून तो हलका सुस्कारत बाहेर पडत होता. आत… बाहेर… आत… त्या नुसत्या बसल्या नव्हत्या. त्या वाजवत होत्या. ज्या फुंकरीला आता ओठ उरले नव्हते, ती तशीच चालू होती. कुठे दीर्घ, कुठे आखूड, कुठे रोखून धरलेली.

उत्पलनं डोळे मिटले. बोटं पाहायची नाहीत. राग ओळखायचा नाही. कानाशी जो श्वास चालला होता त्याच्याबरोबर त्यानं आपला श्वास सोडला.

आणि देसी उभी राहिली.

रिषभावर टेकण्याची ती अक्कांची खास रीत. आता पडणार, आता पडणार असं वाटायला लावून सुरावर अलगद उतरायचं. ती मींड! विलायतेतल्या खोलीत जुन्या ध्वनिमुद्रणांवरून उत्पलनं तिची वर्षानुवर्षं नक्कल केली होती आणि प्रत्येक वेळी ती केसाएवढी निसटली होती. आज ती त्याच्याच ओठांतून सरळ चालत गेली. त्याच्या छातीतला वारा घेऊन.

उत्पलचा ऊर भरून आला. एवढा अभिमान त्याला जन्मात वाटला नव्हता. कुठल्या टाळ्यांनी नाही, कुठल्या शालीनं नाही. तीन वर्षं मुका झालेला आवाज आज या घरात परत आला होता आणि तो त्याच्या श्वासावर आला होता.

स्वर ओसरला. अक्कांनी बोटं उचलली नाहीत. उत्पलनं डोळे उघडले नाहीत.

“अक्का…!”

दारातून आवाज आला. पायरीवर बसवंत उभा होता. उत्पल येणार हे ओळखून अक्कांनी बसवंतलाही आज सकाळचीच वेळ कळवली होती, हे उत्पलला ठाऊक नव्हतं. भांडायच्या तयारीनं आलेला माणूस चपला काढायचं विसरून तसाच पायरीवर खिळला होता. त्याचे डोळे भरले होते.

“रस्त्यावरून ऐकतोय मी. वाटलं, अक्कांचं तोंड बरं झालं.” त्यानं झोपाळ्याकडे पाहिलं, बासरीकडे पाहिलं. “आत्ता… कोण वाजवत होतं?”

“अक्का,” उत्पल म्हणाला.

“उत्पल,” अक्का म्हणाल्या.

दोघं एकाच वेळी बोलली.

बसवंत आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. मग त्यानं चपला काढल्या.

“मला,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण हट्टी पोरासारखं म्हणाला.

उत्पल उठला. बसवंत त्याच्या जागेवर बसला. त्याचीही आधी तीच गत झाली. चिरकला, फाटला, रागावला. उत्पलला मनातून बरं वाटलं. मग थोड्या वेळानं बसवंतनंही डोळे मिटले आणि अक्कांची देसी पुन्हा ओसरीवर आली. तीच बोटं, तोच राग, पण आता जरा दाट, जरा मातीच्या वासाची. उत्पलनं ऐकलं आणि त्याला हेवा वाटला. आपल्यापेक्षा चांगली लागली की काय?

मध्येच अक्कांनी हात काढून घेतले.

“माझी बोटं दमली. उत्पल, तू धर.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर ते नीट बोलले नव्हते. अक्का सरकून बसल्या. उत्पल त्यांच्या जागी टेकला, बोटं ठेवली. बसवंतनं फुंकर घातली. म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. पुन्हा घातली. पुन्हा म्हैस.

“तू ऐकतच नाहीस,” बसवंत म्हणाला.

“तू फुंकतोस की भाता मारतोस?”

“अगोदर बोटं नीट ठेव, फ्लॉटिस्ट!”

आणि उत्पलला हसू फुटलं. बसवंतच्या तोंडात फुंकर होती, ती हसण्यातच सुटली आणि बासरीतून असा काही विचित्र ध्वनी निघाला की अक्काही हसायला लागल्या. अर्ध्या तोंडानं, पण पोट धरून.

दुपार कलेपर्यंत दोघं तिथेच होते. एकेक ओळ जमत गेली. जुगलबंदीचं नाव कुणी काढलं नाही. निघताना बसवंत चपला घालत पाठमोराच म्हणाला, “उद्या तानपुऱ्यावर कोण आहे?”

उत्पलनं सुटकेचा श्वास सोडला. मग तो मागे वळला आणि अक्कांच्या पायाशी वाकला.

“अक्का, मला गर्व झाला होता.”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

“चहा घेऊन जा,” त्या म्हणाल्या.

बेळगावचं सभागृह गच्च भरलं होतं. मधल्या वाटेतही सतरंज्या टाकाव्या लागल्या. अक्कांना ओवाळून झालं, सत्कार झाला, त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. निवेदकानं पत्रक हातात घेऊन दमदार आवाजात वाचलं, विलायतेतले सुविख्यात फ्लॉटिस्ट, आणि धारवाडचे फ्लूटिस्ट…

उत्पलला बसल्या जागी चटका बसला. त्यानं बसवंतकडे पाहिलं. बसवंत बासरी पुसत होता. उत्पलनं उठून माइक ओढून घेतला.

“क्षमा करा,” तो म्हणाला. “ही चूक माझी आहे. तो शब्द मी माझ्या गर्वापोटी लावला होता. कालच माझ्या गुरूंनी माझे डोळे उघडले. आजपासून मी तो शब्द टाकला. मी फ्लॉटिस्ट नाही. मी अक्कांच्या ओसरीवरचा एक साधा बासरीवाला आहे!”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. केवढा मोठा कलाकार आणि केवढी ही नम्रता! उत्पलनं हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला.

“झालं,” बसवंत तानपुऱ्याच्या आडून पुटपुटला. “आता याच्यातही हा पुढे गेला.”

उत्पलनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. अक्कांचे हात मांडीवर होते.

मग दोघांनी पूरिया कल्याण धरला. सुरुवातीला उत्पलच्या कानांत टाळ्याच घुमत होत्या. हळूहळू त्या विरल्या. शेजारी बसवंत श्वास घेत होता तो त्याला ऐकू येऊ लागला. पुढे कुठे एकाची बासरी थांबली आणि कुठे दुसऱ्याची सुरू झाली, हे सांधा शोधायला बसलेल्या जाणकारांनाही सापडेना. बसवंतनं स्वर सोडावा आणि तो खाली पडायच्या आत उत्पलनं उचलावा. मग उत्पलनं उगाच लांब करावा आणि बसवंतनं खाली उभं राहून वाट बघावी. दोन ताठ माना, कुणीही कुणाला वाकत नव्हतं आणि तरी कुठे टक्कर होत नव्हती.

शेवटचा स्वर संपला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. माणसं तशीच बसून राहिली. कुणीतरी खोकलं, तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की कार्यक्रम संपला आहे.

नंतर माणसांच्या गराड्यातून सुटून उत्पल आतल्या खोलीत आला. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यातले हार काढून त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवले होते. बसवंत त्यांना पाणी देत होता. उत्पलचा चेहरा उजळला होता. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“अक्का, सगळ्यांसमोर सांगितलं मी.”

“ऐकलं.”

“फार हलकं वाटतंय. शब्दाबरोबर गर्वही गेला.”

अक्कांनी पाण्याचा घोट घेतला. थोडं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं. त्यांनी पदरानं टिपलं.

“टाळ्या बऱ्याच पडल्या,” त्या म्हणाल्या.

“हो, अक्का. उभं राहून…”

“बोललास तेव्हा.”

“…हो.”

“आणि वाजवून झाल्यावर?”

उत्पलला ती शांतता आठवली. आपले हात मांडीवर आहेत की बासरीवर हेही त्या शांततेत त्याला कळलं नव्हतं. हात जोडायचं तर सुचलंच नव्हतं. त्यानं बसवंतकडे पाहिलं. आज प्रथमच त्याच्या डोळ्यांत ईर्षा नव्हती.

“मग मी चुकलो का?” उत्पलचा आवाज बारीक झाला होता. “गर्व सोडायला नको होता?”

बाहेर सभागृहात खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. अक्कांनी त्याच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि त्याची मान वर केली. अगदी सरळ होईपर्यंत.

“शब्द राहू दे, उत्पल,” त्या म्हणाल्या. “गर्व वाढव. मघा वाजवताना होता, तेवढा.”